पासपोर्ट जपानी, तोंड इकेमाचं

मेगा,

शनिवारी सकाळी ड्यूटीवर आले तर तू गेल्याची नोटीस स्टाफ कँटीनच्या दारावर लागलेली होती. 'आपली लाडकी जपानी सहकारी के' असं इंग्रजीत, आणि खाली गुलाबाचं चित्र. मी लिनन रूममधून चादरींवर खुणा करायचा काळा मार्कर आणला. 'जपानी' खोडलं, 'के' हे पासपोर्टवरचं नाव खोडलं आणि वर मोठ्या अक्षरांत तुझं घरचं नाव लिहिलं, इकेमा बेटाची मेगा.

मॅनेजरनं मला बोलावून घेतलं. लेबनानचा तो माणूस वाईट नाही, तुझ्यासाठी तोही रडला होता. त्यानं शांतपणे विचारलं की फिलोमिना, हे काय केलंस, तिचा पासपोर्ट जपानीच होता ना? मी म्हटलं, "पासपोर्ट जपानी, तोंड इकेमाचं." हे वाक्य तुझं. तू ते कितीदा तरी लोकांच्या तोंडावर फेकलं होतंस, त्या दिवशी मी फेकलं. तो म्हणाला की राहू दे तसंच. ते अजून तसंच आहे.

तुझी माझी ओळख झाली ती इस्त्रीच्या चटक्यामुळे. युनिफॉर्म शिवायला कोणी नवी बाई आली आहे एवढंच मला ठाऊक होतं. मी टॉवेलांच्या ढिगाआड मोजणी करत होते आणि पलीकडून आवाज आला, "अगाई!" मी धावतच आले. "काय गं, भाजलं का?" असं मराठीत विचारून मोकळी झाले. बहारीनमधल्या झल्लाकच्या या हॉटेलात अगाई म्हणून ओरडणारी बाई वसईची नाहीतर अलिबागची असणार, दुसरी कोण? बघते तर समोर तू, बारीक डोळ्यांची, बोट तोंडात घातलेली. मग आपण दोघी आपापल्या मोडक्या इंग्रजीत भांडलो. तू म्हणायचीस अगाई आमचं, मी म्हणायचे आमचं. तुझ्या बेटावर लहान पोर ठेचकाळलं तरी अगाई म्हणतं आणि म्हातारी पायरी चढली तरी अगाई म्हणते, हे ऐकून मला आमची वसईतली पाचूबंदरची गल्ली आठवली. त्या दिवसापासून तू माझी झालीस.

नकाशावर तुझं बेट मला सापडलंच नव्हतं. तू बोट ठेवून दाखवलंस. जपानचं अगदी दक्षिणेकडचं टोक, तिथं मियाको नावाचं बेट आणि त्याला लागून हे इकेमा. टोकियोपेक्षा तैवान कितीतरी जवळ. बाप कुपा मासे धरायला जाणारा, आई ते डोक्यावर घेऊन विकणारी. माझीही आई मासळी विकायची. आपल्या दोघींच्या आया एकमेकींना भेटल्या असत्या तर पहिल्यांदा भावावरून भांडल्या असत्या, असं आपण म्हणायचो.

तुझी बोली जपानीहून किती वेगळी आहे हे मला कळायला वेळ लागला, कारण मला जपानीही येत नव्हती. पण कान होते. तू एकदा दोन शब्द म्हणून दाखवलेस. न्ना म्हणजे शिंपला. आणि तोच शब्द नाकातून आधी वारा सोडून म्हटला, ह्न्ना, की दोर. तू म्हणालीस की जपानी लोकांना यातला फरक ऐकूच येत नाही. मला आला. आमच्यात म्हावरं आहे, न्हाणी आहे, नाकातला वारा आमच्या ओळखीचा. मी ह्न्ना म्हटलं तेव्हा तू हातातली कात्री खाली ठेवलीस. बेटाबाहेरच्या माणसाच्या तोंडून तो दोर तू पहिल्यांदा ऐकत होतीस. मग तू मला 'व्वा, व्वा' करू लागलीस आणि मी आपली खूश, की बाई शाबासकी देते आहे. नंतर कळलं, व्वा म्हणजे नुसतं 'तू'.

पाटीची गोष्ट तू मला स्टाफ बसमध्ये सांगितलीस. शाळेत बेटाचा शब्द तोंडातून निसटला की गळ्यात लाकडी पाटी अडकवत. ती काढायची तर दुसऱ्या कुणाला तरी बेटाची बोली बोलताना पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. मुलं मुद्दाम एकमेकांच्या पायावर पाय देत. ज्याला लागलं तो अगाई म्हणणार, म्हटलं की सापडला. तू कुणाला पकडलं नाहीस. पाटी घालून घरी गेलीस, दुसऱ्या दिवशी तशीच शाळेत आलीस, पुन्हा घरी गेलीस. तुझ्या आईला जपानी वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं की यावर काय लिहिलंय, तू सांगितलंस. तिनं पाटी काढून घेतली आणि तिच्यावर त्या दिवसाचे सगळे कुपे कापले. सकाळी ती न धुता तुझ्या गळ्यात घालून तुला शाळेत पाठवलं. मास्तरांनी तुला सबंध दिवस वर्गाबाहेर बसवलं आणि वर्गाला मात्र वासानं धडा वाचता आला नाही. हे सांगताना तू इतकी हसलीस की ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. मला हसू आलं नाही. माझ्या बाईंनीही मला होरी म्हटल्यावर उभं केलं होतं. होरी नाही, होडी म्हण, दहा वेळा. मी म्हटलं. माझ्या आईला ठाऊकही नव्हतं.

आपलं भांडण मात्र तुझ्या मुलीवरून, नाओमीवरून. तुझा नवरा अमेरिकन, इथल्या लष्करी तळावर कामाला आलेला, करार संपल्यावर निघून गेला. त्याबद्दल तू काही सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. तू मुलीला घेऊन हमद टाउनच्या त्या दोन खोल्यांत राहिलीस. नाओमीशी तू ती जन्मल्या दिवसापासून फक्त इकेमाची बोली बोललीस, आणि नाओमी बोलायला लागल्या दिवसापासून इंग्रजीत उत्तरं देत आली. मी जेवायला यायचे तेव्हा ऐकायचे. तुझं एक लांबलचक वाक्य, तिचं 'ओके, मॉम'. जपानीचं मात्र तू तिला एक अक्षरही शिकवलं नाहीस.

मी तुला म्हटलं होतं की निदान जपानी तरी शिकव, नोकरी मिळेल. भाषा पोटासाठी असते. मला आमच्या बोलीनं काही दिलं नाही, इंग्रजीनं हा पगार दिला. तू गेल्यावर ही पोर ती बोली बोलणार कुणाशी? तू डाळीचं पातेलं पुसत होतीस. म्हणालीस, "ते तिनं ठरवायचं. पण तिच्याजवळ शब्दच नसतील तर ठरवणार काय?" आणि मग मलाच विचारलंस की भाषा जर पोटासाठी, तर तू तुझ्या मुलांवर चिडतेस ती इंग्रजीत का चिडत नाहीस? मी चिडले. तेही इंग्रजीत नाही.

बेटावर परत का जात नाहीस, असं मी एकदाच विचारलं. तू सांगितलंस की तिकडे आता पूल झाला आहे आणि मुलं त्यावरून शिकायला जातात ती राहायला परत येत नाहीत. नाओमीला तिथल्या जपानी शाळेत घातलं तर वर्षभरात ती बेटाची बोली विसरेल. "इथं माझ्या भाषेला कुणी शत्रूच नाही," तू म्हणालीस. "इथं ती कुणाला ठाऊकच नाही." बहारीनमध्ये राहण्याचं इतकं विचित्र कारण मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही.

आणि ती हॉटेलच्या हॉलमधली संध्याकाळ. इथल्या जपानी कुटुंबांचा कार्यक्रम होता, पाहुणे सगळ्या देशांचे, म्हणून निवेदन इंग्रजीतही होतं. मी टेबलक्लॉथ बघायला तिथंच होते. तुला त्यांनी बेटाचं गाणं म्हणायला बोलावलं होतं. निवेदन करणाऱ्या बाई खरोखर गोड होत्या. त्यांनी तुझी ओळख करून दिली की आपल्या दक्षिणेच्या बेटांवरची ही एक मधुर बोली, दुर्दैवानं आता मरणपंथाला लागलेली, आज आपल्याला तिचे शेवटचे सूर ऐकायला मिळतील. लोकांनी हळहळून टाळ्या वाजवल्या.

तू माइकसमोर उभी राहिलीस. तुझी मान अशी ताठ झालेली मी आधी पाहिली होती, आता काहीतरी होणार हे मला कळलं. "ही बोली नाही, भाषा आहे," तू इंग्रजीत म्हणालीस. "आणि ती मरत नाही. मी इथं उभी आहे."

गाणं तू म्हटलंच नाहीस. तू इकेमाच्या भाषेत बोलायला लागलीस, जोरात, हातवारे करून, आणि भाषांतराचं नाव नाही. जपानी बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, त्यांनाही एक शब्द कळत नव्हता. मला सगळं कळलं. तू नुसत्या हातांनी डोक्यावरची माशांची टोपली खाली ठेवलीस. कुणीतरी माशाचा कल्ला उचकटून पाहिला. तू त्या हातावर चापट मारलीस. गिऱ्हाइकानं भाव पाडला, तू कमरेवर हात ठेवून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केलीस. माझी आई वसईच्या बाजारात हेच करायची. घ्याचं असंल तं घे, नय तं चालू पर. अख्ख्या हॉलमध्ये मी एकटी हसत होते, पोटावर हात धरून. मग पलीकडच्या टेबलावरच्या दोन बहारीनी म्हाताऱ्या हसायला लागल्या, त्याही मुहर्रकच्या दर्यावरच्याच असणार. तू माझ्याकडे पाहिलंस आणि आणखीनच पेटलीस. शेवटी निवेदनाच्या बाई पुढे आल्या, तू त्यांना वाकून नमस्कार केलास आणि सरळ लिनन रूममध्ये येऊन बटणं लावत बसलीस. त्यानंतर त्यांनी तुला कधी बोलावलं नाही. तू इथल्या अरबांसारखं म्हणालीस, खलास, बरं झालं.

मग तो पोटातला आजार निघाला, आणि किती लवकर सगळं झालं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. पण हॉस्पिटलमधल्या त्या आठवड्याबद्दल लिहिणार आहे, कारण त्यावरून मी तुझ्याशी अजून भांडते आहे.

तू इंग्रजी बोलणं बंद केलंस. डॉक्टरांना वाटलं की औषधांमुळे विसरली असेल. मला खरं ठाऊक होतं, कारण आदल्याच दिवशी तू मला सांगितलं होतंस, चांगल्या शुद्धीवर, की आता वेळ थोडा आहे आणि तो मी दुसऱ्याच्या भाषेत घालवणार नाही. डॉक्टर केरळचे, तरुण, धीराचे. त्यांनी विचारलं कुठे दुखतंय, तू इकेमाच्या भाषेत सांगितलंस. ते नाओमीकडे बघू लागले. नाओमी भिंतीला टेकून उभी होती, सोळा वर्षांची पोर. ती म्हणाली की मला नाही येत. तू पुन्हा तेच वाक्य म्हणालीस, हळू. मग नाओमी म्हणाली की डाव्या कुशीत दुखतंय आणि पाठीपर्यंत जातंय, झोपल्यावर जास्त. तिला अक्षर न अक्षर कळत होतं. कळणारच होतं.

पण डॉक्टरांचं बोलणं तुझ्यापर्यंत परत न्यायचं तर तिला स्वतः बोलावं लागणार होतं. तू इंग्रजीला मान वळवायचीस, जणू खोलीत कुणी बोललंच नाही. पहिल्या दिवशी ती अडखळली, रडली, बाहेर निघून गेली. मी आत येऊन तुला बरंच बोलले. म्हटलं की हा हट्ट आहे, मरताना पोरीला असा चिमटा काढतात का? तू डोळे मिटून हसलीस. त्या हसण्याचा अर्थ मी तुला विचारायची राहिले. तू हे ठरवून केलंस का, मेगा? मला वाटतं, ठरवूनच केलंस. ते बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी नाओमी परत आली आणि बोलायला लागली. तुटक, चुकत, पण बोलायला लागली. पाणी हवं का, खिडकी लावू का, नर्स सुई द्यायला आली आहे. तुझ्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं आहे, म्हणून ते चूक होतं असंही मला म्हणता येत नाही.

मग ती दुपार. डॉक्टरांनी नाओमीला बाहेर बोलावलं, मलाही. आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, असं ते म्हणाले. इतक्या लहान मुलीवर हे टाकायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. हॉटेलातून कुणी जपानी जाणणारं आणवू का, असं त्यांनी मला विचारलं. नाओमीच म्हणाली की जपानीचा उपयोग नाही, मीच सांगते.

ती तुझ्या खाटेवर बसली. उपचार, आशा, उपाय असले शब्द तिच्यापाशी कुठले असणार? तुमच्या घरात बोललं जायचं ते जेवणाचं, कपड्यांचं, अभ्यासाचं आणि दर्याचं. ती दोन-तीन शब्द बोलली, थांबली, शोधत राहिली आणि शेवटी सापडला तो अरबी शब्द टाकला. "खलास."

तू तिचा हात घेतलास. आणि मला वाटलं होतं तू रडशील, नाहीतर तिला जवळ ओढशील. तू तिची चूक दुरुस्त केलीस. हळूच एक शब्द म्हणालीस, आणि भुवया वर करून वाट पाहिलीस. नाओमीनं तो म्हटला. तू मान हलवलीस, पुन्हा म्हण. तिनं पुन्हा म्हटला, नीट. मग तू तिला जवळ ओढलंस. संपलं याला तुमच्याकडे काय म्हणतात ते मी तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तो तुम्हा दोघींचा.

तुला सांगायचं राहून गेलं की त्याच संध्याकाळी घरी येऊन मी मुलांशी आमची कोळी बोली बोलायला लागले. जेवलाव का, कवा आयलाव, तुना सांगतंय ना. थोरला हसला. धाकट्यानं विचारलं, ममी, तू असं का बोलतेस? माझा नवरा सायमन म्हणाला की पोरं शाळेत सांगतील आणि लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत. तो एअरपोर्टवर दिवसभर सगळ्या जगाची इंग्रजी ऐकून येतो, घरात तरी त्याला त्याच्या आईचे शब्द ऐकू येऊ देत. परवा पाणी मागताना तो विसरून 'मला'ऐवजी 'मना' म्हणाला आणि स्वतःच दचकला. मुलं इंग्रजीतच उत्तरं देतात. देऊ देत. माझ्याकडून मी थांबणार नाही. आणि तरीही भाषा पोटासाठी असते हे माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही, ते भांडण तुझं माझं चालूच राहील.

नाओमी सध्या आमच्याकडे आहे, मुहर्रकला. तुझ्या आईला कळवायचं होतं. तुझा ओकिनावातला भाऊ म्हणाला की मी कळवतो, म्हातारीला नीट समजावून सांगायला हवं. नाओमीनं ऐकलं नाही. काल दुपारी तिनं आमच्या फोनवरून नंबर फिरवला. मी शेजारी बसले होते. पलीकडून म्हातारा, चिरका आवाज आला. फोन म्हणजे सरकारी वस्तू, म्हणून तुझी आई तिला जमेल तशी ताठ, अदबीची जपानी बोलत होती. एवढं मलासुद्धा सुरावरून कळलं. नाओमीनं ऐकून घेतलं. मग ती तुमच्या भाषेत एक छोटंसं वाक्य बोलली.

मला वाटलं फोन तुटला. आणि मग तुझी आई हसली, मेगा. मुलगी गेली हे अजून तिला कळायचं होतं, त्याआधी ती मोठ्यानं हसली, आणि घरातल्या कुणाला तरी हाका मारून बोलवू लागली.

नंतर बातमी सांगून झाली. दोघी खूप वेळ रडल्या, आणि राख घेऊन उन्हाळ्यात यायचं ठरलं. हे सगळं त्याच भाषेत झालं. फोन ठेवल्यावर मी नाओमीला विचारलं की आजी हसली ती कशाला.

ती म्हणाली, "मी तिला सांगितलं, मला जपानी येत नाही. ती म्हणाली, बेटावरच्या पोराच्या तोंडून, आपल्या भाषेत, हे वाक्य ऐकल्याला माझा एक जन्म लोटला."